दूध कोण प्यायलं?

डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी खासगी शाळांना एक पत्र पाठवलं. नाताळच्या कार्यक्रमात एखाद्या मुलाला सांताक्लॉज करायचं असेल, तर आधी त्याच्या पालकांची लेखी परवानगी घ्या, असा त्याचा मथितार्थ. भोपाळमध्येही त्याच सुमारास तशीच मागणी पुढे आली. २५ डिसेंबरला सांताऐवजी तुळशीची पूजा करा, असं सांगणारा एक प्रवाह तर गेली दहाएक वर्षं आहेच. यावरून जो वाद रंगला तो सगळा सांता कोणाचा याच्याभोवती फिरला : तो ख्रिस्ती की बाजारू, त्याची टोपी हिंदू मुलाच्या डोक्यावर चालेल की नाही. माझ्या मते वाद घालायला ही जागाच चुकली. टोपी घालणं हे सोंग आहे आणि सोंगाला आपण कधी भ्यालो नाही. बहुरूप्याच्या, भारुडाच्या, दशावताराच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला शाळेच्या मंचावरचा कापसाची दाढी लावलेला सहा वर्षांचा सांता परका वाटायचं कारण नाही. घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, दोघांनाही ते सोंग असल्याचं ठाऊक असतं. खरा प्रश्न शाळा सुटल्यावर घरी सुरू होतो. मूल झोपल्यावर वडील उशाशी खेळणं ठेवतात आणि सकाळी 'सांता येऊन गेला' असं सांगतात. स्वतःचा ज्यावर काडीचाही विश्वास नाही ते मुलाला खरं म्हणून पटवतात. याला परवानगी कोणी द्यायची, हे त्या पत्रात नव्हतं. असणं शक्यही नव्हतं.

भोपाळच्या पिपलानीसारख्या वस्तीत हा प्रश्न जितका ठसठशीत दिसतो तितका पुण्या-नाशकात दिसणार नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि भोपाळच्या पूर्वेला पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशी वसाहत उभी राहिली. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली, पण वसाहतीचा स्वभाव तोपर्यंत ठरून गेला होता. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बिहारी आणि मराठी कुटुंबं एकाच आकाराच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहिली. त्याच १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेनं राजधानी नागपुराहून भोपाळला आली आणि तिच्यामागून सरकारी नोकरीतली कितीतरी मराठी माणसं इकडे सरकली. ग्वाल्हेर, इंदूर, देवासची जुनी मराठी घरं होतीच. अशा वसाहतीतल्या मुलाच्या वर्षात भाद्रपदातला गणपती असतो, शेजारची दुर्गापूजा असते, दसरा मैदानावरचा रावण असतो आणि डिसेंबरात मिशनच्या शाळेतला सांता असतो. एवढी सगळी पात्रं एकाच अंगणातून जात असतील, तर यातलं खरं कोण, हे ते मूल आज ना उद्या विचारणारच. तेव्हा आईवडिलांनी काय करायचं? माझं म्हणणं थोडक्यात असं : मुलाच्या खेळात मनापासून उतरावं, त्याच्या श्रद्धेलाही जागा द्यावी, पण पुरावा रचू नये. श्रद्धा आणि खेळ या दोन्ही गोष्टी मुलाच्या हिताच्या असू शकतात. रचलेला पुरावा मात्र दोन्हींना मारक आहे.

याचा अर्थ कळायला ज्येष्ठागौरींचं आवाहन बघावं. नागपूर-वऱ्हाडाकडून आलेल्या घरांत त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची आणि हळदीकुंकवाची पावलं काढली जातात, आणि ती काढायला घरातल्या मुलींनाच बसवतात. मुखवटे हाती घेतलेली बाई त्या पावलांवरून आत येते. दुसरी तिला कोण आलं, काय घेऊन आलं असं विचारते. तिला स्वयंपाकघर, कोठी, कपाट, सगळं घर फिरवून दाखवतात. मुलानं त्याआधी काय काय पाहिलेलं असतं? वर्षभर ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेले मुखवटे, माळ्यावरून काढलेले लोखंडी स्टँड, साडीच्या निऱ्या बसत नाहीत म्हणून वैतागलेली काकू, तिच्या तोंडात धरलेल्या टाचण्या. काहीच झाकलेलं नसतं. तरीही मुखवटा चढला, समया लागल्या, सोळा भाज्यांचं आणि पुरणाचं पान वाढलं की तेच मूल तिथे पाय लागू नये म्हणून जपून चालतं. त्याला कोणी फसवलेलं नाही. पावलं आपणच काढली हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि त्या पावलांनी कोणीतरी आलं आहे हेही त्याच्या दृष्टीनं तितकंच पक्कं आहे. या दोन गोष्टी एकाच मनात भांडण न करता राहू शकतात, हे आपल्या सणांनी फार पूर्वी ओळखलं. गणपती मातीचा असतो, ती माती मूल बोटानं दाबून बघतं, प्राणप्रतिष्ठा त्याच्यासमोर होते आणि दहा दिवसांनी भोपाळजवळच्या हथाईखेड्याच्या पाण्यात ती माती त्याच्यासमोरच विरघळते. माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर शेणानं संजा काढतात. तिथे तर देवता घडवणारे हातच मुलींचे. तुळशीच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या पोराला नवरी म्हणजे वृंदावनातलं रोप आहे हे दिसत असतं. मंगलाष्टकं म्हणताना त्याचा आवाज त्यामुळे खाली येत नाही.

सांताची बांधणी याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या जुन्या वंशावळीत शिरायचं कारण नाही. चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस आणि आजचा लाल डगलेवाला यांच्यामध्ये १८२३ सालची एक अमेरिकी कविता, थॉमस नास्टची व्यंगचित्रं आणि १९३१ पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिराती आहेत, एवढं पुरे. महत्त्वाचं आहे ते त्या रात्रीचं तंत्र. पाश्चात्त्य घरांत मूल झोपण्यापूर्वी सांतासाठी दुधाचा पेला आणि बिस्किटं ठेवतं. रात्री आई किंवा वडील ते दूध पितात, बिस्किटाचा तुकडा मोडून चुरा सांडतात, आणि सकाळी रिकामा पेला मुलाला दाखवतात. आता आपल्या नामदेवांची गोष्ट आठवा. वडील दामाशेटी गावाला गेलेले, म्हणून लहानग्या नामदेवाला नैवेद्य घेऊन विठोबाकडे पाठवतात. पान ठेवलं की देव जेवतो असं त्याला खरंच वाटतं. देव हलत नाही म्हणून तो रडतो, पायरीवर डोकं आपटायला निघतो आणि मग देव जेवतो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतल्या एकात हाच प्रसंग दुधाच्या भांड्यासह येतो. पिपलानीतल्या पंजाबी शेजाऱ्यालाही तो ठाऊक असतो. ही कथा भाबडेपणाचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच काही दिसतं. पोराचा हिरमोड होऊ नये म्हणून कोणी खांबाआड लपून ते पान संपवून ठेवलेलं नाही. आई गोणाईनं त्याला देव जेवल्याचा पुरावा दिलेला नाही. उलट तो रिकामं ताट घेऊन परततो तेव्हा घरच्यांनाच ते खरं वाटत नाही. चमत्कार मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कथेतल्या मोठ्या माणसांनी खोटं केलेलं नाही. आपल्या रोजच्या नैवेद्यातही तेच आहे. पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि पान जसंच्या तसं उचलून घरातल्या सगळ्यांनी उघडपणे खाल्लं. बाप्पानं मोदक संपवला नाही हे चार वर्षांच्या मुलाला दिसतं आणि ते त्याला दिसू दिलं जातं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढ्याशा गमतीनं मुलाचं काय बिघडतं? बिघडत फारसं नाही, हे कबूल करायला हवं. १९९४ मध्ये अँडरसन आणि प्रेंटिस या दोन अमेरिकी संशोधकांनी, ज्यांचा सांतावरचा विश्वास संपला होता अशा ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक अभ्यास छापला. बहुतेक मुलांना साधारण सातव्या वर्षी स्वतःच उलगडा झालेला होता आणि त्यांनी तो एकंदरीत आनंदानं घेतला होता. खिन्न झाले होते ते आईवडील. सांताच्या बाजूनं हा अभ्यास नेहमी पुढे केला जातो; मला मात्र तो उलट बाजूची साक्ष वाटतो. खेळ संपल्याचं दुःख मुलापेक्षा मोठ्यांनाच जास्त होत असेल, तर तो खेळ कोणासाठी चालला होता? मुलाच्या डोळ्यांतलं आश्चर्य बघण्याची हौस मोठ्यांची, आणि तिचा खर्च मुलाच्या विश्वासातून. दुसरा अभ्यास २००४ चा, टेक्सासमधल्या जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बालवाडीच्या मुलांसाठी एक कोरी करकरीत चेटकीण तयार केली, जी हॅलोविनच्या रात्री येऊन गोळ्या घेते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरांत पालकांनी रात्री खरोखर अदलाबदल केली, काहींत नाही. जिथे ती केली गेली, तिथल्या मुलांचा तिच्यावरचा विश्वास अधिक बळकट निघाला. यावरून मुलं मूर्ख ठरत नाहीत, शहाणी ठरतात. ती आपल्याच पद्धतीनं विचार करतात : भरवशाच्या माणसानं सांगितलं, वर डोळ्यांना पुरावा दिसला, तेव्हा गोष्ट खरी असणार. न्यायशास्त्राच्या भाषेत त्यांच्याकडे शब्दप्रमाण आहे आणि दृष्ट खुणेवरून केलेलं अनुमानही आहे. त्यांची विचारशक्ती जिथे सर्वात नीट चालते आहे नेमकं तिथेच आपण खोटा माल पुरवतो. नुकसान छोटं असेल, पण ज्या हत्यारावर होतं ते हत्यार छोटं नाही.

महाभारतात दुधाच्या दोन फसवणुकी आहेत आणि दोन्हींत फसणारं लहान मूल आहे. आदिपर्वात द्रोण भीष्मांना स्वतःची कहाणी सांगतात. श्रीमंत घरची पोरं दूध पितात हे पाहून अश्वत्थामा दुधासाठी रडतो. सोबतची मुलं त्याला पाण्यात कालवलेलं पीठ देतात. ते पिऊन 'मीही दूध प्यायलो' म्हणून तो नाचायला लागतो. द्रोणांना ते बघवत नाही. त्याच अपमानाचं ओझं घेऊन ते जुना मित्र द्रुपदाच्या दारी जातात आणि तिथून पुढे जे घडतं ते सर्वांना माहीत आहे. अनुशासनपर्वातला उपमन्यू असाच. त्याची आई पीठ पाण्यात कालवून दूध म्हणून देते. पण खऱ्या दुधाची चव त्याच्या जिभेवर एकदा येऊन गेलेली असते, म्हणून हे दूध नव्हे असं तो आईला स्पष्ट सांगतो. इथे आई काय करते हे बघण्यासारखं आहे. ती दुसरी थाप मारत नाही. रानात राहणाऱ्या, कंदमुळं खाणाऱ्या आपल्यासारख्यांकडे दूध कुठून येणार, असं ती भरल्या डोळ्यांनी सांगते आणि मग त्याला शिवाकडे वळवते. उपमन्यूची भक्ती सुरू होते ती त्या खोट्या पेल्यापासून नव्हे. आईनं आपलं दारिद्र्य मुलासमोर मांडलं तिथून. गंमत म्हणून सांता करणाऱ्या सुस्थितीतल्या घराला हा प्रसंग दूरचा वाटेल. तो दूरचा नाही. सांता चांगल्या मुलांना भेटी देतो हे सूत्र एकदा मुलाच्या मनात बसवलं, की भेटीच्या किमतीवरून चांगुलपणा मोजण्याची सोय होते. अधिकाऱ्याच्या मुलाला सायकल, कंत्राटी कामगाराच्या मुलाला पेन्सिलींचा डबा आणि वसाहतीला लागून असलेल्या अन्नानगरच्या झोपडीतल्या पोराला काहीच नाही. वडिलांचा पगार कमी आहे हे कारण मूल समजू शकतं. उपमन्यूला समजलं होतं. पण देणारा आभाळातून येणारा, सर्वांना सारखं बघणारा असेल, तर न मिळण्याचं कारण शोधायला त्या मुलाला स्वतःकडेच वळावं लागतं. शिवाय ज्या वडिलांनी ओव्हरटाइम करून सायकल आणली त्यांचे आभार मानायचीही मुलाला संधी उरत नाही.

इथे सांतावर हसणाऱ्या मराठी घरांनाही थोडं आरशासमोर उभं करायला हवं. आपल्याकडे रात्री खेळणं ठेवणारा कोणी नाही, पण दिवसभर पाळत ठेवणारे बरेच आहेत. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, हट्ट केलास तर पोलीसमामा नेतील, खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल. शेवटच्या वाक्यातला विनोद आपल्या लक्षातच येत नाही : खोटं बोलू नये हे शिकवायला आपण खोटं बोलतो आणि त्या कामाला बाप्पाला जुंपतो. अमेरिकेत २००५ पासून फळीवर बसवायची एक बाहुली निघाली आहे. ती दिवसा मुलांवर नजर ठेवते आणि रात्री सांताला खबर देते असं सांगतात, आणि आईवडील रोज रात्री तिची जागा बदलतात. आपला कान कापणारा बाप्पा हा तिचाच थोरला भाऊ. देवाला हवालदार करून ठेवण्यात मुलाचं जेवढं नुकसान, तेवढंच देवाचंही. वयाच्या दहाव्या वर्षी, खोटं बोलूनही कान शाबूत राहिल्याचं मुलाला कळतं, आणि त्या दिवशी बागुलबुवाबरोबर बाप्पाही निकालात निघतो. मोठेपणी नास्तिक झालेल्या माणसांपैकी कितीजणांनी खरोखर ईश्वराचा विचार करून त्याला नाकारलं आणि कितीजणांनी फक्त त्या हवालदाराला नाकारलं, हा विचार श्रद्धाळू पालकांनीच अधिक करायला हवा.

मग मुलानं सरळ विचारलं तर? सप्टेंबर १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्राला व्हर्जिनिया ओहॅनलन या आठ वर्षांच्या मुलीनं पत्र लिहिलं. मैत्रिणी सांता नाही म्हणतात, तेव्हा खरं काय ते सांगा, अशी तिची विनंती होती. संपादकीय लिहिणाऱ्या फ्रान्सिस चर्च यांनी उत्तर दिलं की सांता आहे. प्रेम, औदार्य आणि भक्ती जशी आहे तसाच तोही आहे. इंग्रजी पत्रकारितेतला तो फार लाडका मजकूर आहे आणि त्याची भाषा सुंदर आहे हे नाकारता येत नाही. पण मुलीनं विचारलं होतं ते चिमणीतून कोणी उतरतं का. उत्तर आलं ते औदार्याच्या अस्तित्वाबद्दल. याला आपण 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो. तो युधिष्ठिरी अर्धा शब्दही अश्वत्थाम्याच्याच नावानं उच्चारला गेला होता. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला लहानपणी पिठाचं दूध आणि मोठेपणी नावाचा हत्ती. मूल खेळता खेळता 'सांता कुठून येतो' असं विचारतं तेव्हा त्याला गोष्ट हवी असते, आणि ती खुशाल रंगवून सांगावी. तेच मूल खेळ थांबवून, आवाज उतरवून 'पण खरंच असतो का' म्हणतं तेव्हा त्याला गोष्ट नको असते. हा फरक न कळणारे आईवडील मी तरी कल्पू शकत नाही. न कळल्याचं दाखवणारे पुष्कळ असतात.

सर्वात अवघड आक्षेप आता येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. विवेकवादी म्हणतो : सांताला लावलेली कसोटी गणपतीला का लावत नाही? महालक्ष्म्या घरात येतात असं सांगणं आणि सांता येतो असं सांगणं यात फरक काय? श्रद्धाळू म्हणतो : आमच्या दैवताला त्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याच्या पंक्तीला बसवलंतच कसं? दोघांना मिळून एक उत्तर देता येतं. दामाशेटी विठोबाला खरा मानत होते. खऱ्या मानलेल्या गोष्टी मुलाला सांगणं ही फसवणूक नव्हे; ती मुळात चुकीची ठरली तरी नव्हे. मूल मोठं होऊन वडिलांशी वाद घालू शकतं, कारण वडिलांनी आपलं मत त्याच्यासमोर ठेवलेलं असतं. सांताच्या बाबतीत वाद घालायला समोर कोणी नाही. सांगणाऱ्याचं मतच सांगितल्याच्या विरुद्ध आहे. तेव्हा सांता आणि विठोबा यांतला फरक मी देवाच्या अस्तित्वावर उभा करत नाही, तो सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. मात्र विवेकवाद्याच्या आक्षेपात एक निखारा आहे आणि तो झाकू नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला. पहाटे दिल्लीहून सुरू झालेली वार्ता फोनवरून काही तासांत गावोगावी आणि परदेशातही पोहोचली. देवळांपुढे चमचे-वाट्या घेऊन रांगा लागल्या. शासकीय विज्ञान प्रसारकांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळतं. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटना अशा घटनांच्या मागे असलेला कार्यकारणभाव लोकांना समजावत राहिल्या. १९९५ च्या त्या दिवशी रांगेत उभी असलेली माणसं अधार्मिक नव्हती, पण त्यांना जे हवं होतं तो भाव नव्हता, पावती होती. रोजचा नैवेद्य तसाच उरतो याचं त्यांना कधी दुःख झालं नव्हतं. एक दिवस चमचा रिकामा झाला आणि तीच श्रद्धेची सिद्धता ठरली. नाताळच्या सकाळी रिकामा पेला दाखवून आपण मुलाला जे शिकवतो ते हेच आहे की दूध संपलं म्हणजे कोणीतरी आलं होतं. म्हणून मला वाटतं, रचलेल्या पुराव्याला विरोध करायला विवेकवादी आणि भाविक एकत्र यायला हरकत नाही. एकाला त्यात चुकीचं अनुमान दिसेल, दुसऱ्याला उथळ भक्ती.

पण श्रद्धाळू आणि नास्तिक यांच्या मधल्या जागेतच बहुतेक मध्यमवर्गीय घरं आहेत, आणि त्यांची अडचण खरी आहे. आईवडिलांचा स्वतःचा विश्वास डळमळीत. गणपती बसवायचा तो आजीसाठी, आणि मुलांना आपलं काहीतरी कळावं म्हणून. घरापासून आठशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला सण हीच भाषा टिकवण्याची जागा असते. अशा आईवडिलांनी गप्प बसावं का? मुळीच नाही. त्यांनी जे खरं आहे ते सांगावं : आपण असं करतो, आजीची आजी असंच करत होती, आरती चालू असताना मला बरं वाटतं, देव आहे का याबद्दल माझं नक्की ठरलेलं नाही, तुझ्या बाबांचं ठरलेलं आहे. एवढ्या वाक्यांनी पाच वर्षांच्या मुलाचं काही हरवत नाही. त्याला प्रसाद मिळतो, झांज वाजवायला मिळते, दूर्वा निवडायला मिळतात. उंदरानं रात्री मोदक पळवला असं भासवण्यासाठी ताटातला एक मोदक लपवायची गरज नाही. हल्ली काही घरांत ते सुरू झालं आहे, आणि सांताची ही खरी घुसखोरी आहे. लाल टोपी नव्हे, त्याची रीत आपल्या देवघरात आली.

कल्पनाशक्ती मरेल, ही भीती वाचकाच्या मनात असेल तर तिला फार वेळ द्यायला नको. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाला ती काठी आहे हे माहीत असतं, म्हणून तर तो कल्पनेचा खेळ. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणारी पोरं त्यांच्या लढाया तासन्‌तास लढतात. त्यासाठी मावळे जिवंत असल्याची खात्री त्यांना कोणी दिलेली नसते. कल्पना करायला मुलाकडे काम असावं लागतं. सांताच्या रात्री सगळं काम आईवडील करतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त झोपणं येतं. नाताळ साजरा करायचाच असेल, आणि मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या घरी तो का करू नये, तर सांताचं सोंग मुलालाच घेऊ द्यावं. वडिलांच्या उशाशी त्यानं चिकटवहीतलं चित्र ठेवावं, आईनं सकाळी आश्चर्य दाखवावं, आणि त्या आश्चर्यातलं नाटक दोघांनाही कळावं.

शाळेतल्या दुसऱ्या मुलांचं काय, असा एक प्रश्न उरतो. ज्याला खरं सांगितलं ते मूल वर्गात जाऊन बाकीच्यांचा सांता मोडेल. मोडू नये हे त्याला सांगता येतं आणि कारणही सांगता येतं : त्यांच्या घरी तो खेळ चालू आहे, त्यांनी विचारलं तर त्यांच्या आईबाबांना विचारायला सांग. सात वर्षांच्या मुलाला एवढी सभ्यता झेपते. शेजारच्या बंगाली घरातल्या दुर्गेबद्दल किंवा मशिदीतल्या अजानबद्दल ती आपण त्याच्याकडून अपेक्षितोच. याहून कठीण स्थिती घरातली आहे. थोरल्या मुलीला कळलं आहे, धाकट्याला नाही, आणि आई तिला बाजूला घेऊन सांगते की भावाला कळू देऊ नकोस, आता तूही आमच्यातली. मुलीला यात मोठं झाल्याचा मान वाटतो, हे मला मान्य आहे. पण तिला मिळालेली पहिली प्रौढ जबाबदारी भावाला फसवण्याची आहे. महालक्ष्म्यांच्या घरात त्याच वयाच्या मुलीला काकू हाक मारते, पदर धरायला सांगते आणि टाचण्या तिच्या हातात देते. धाकटा शेजारी उभा राहून सगळं बघत असतो आणि मध्येच त्याला स्टँड कसा उभा राहतो ते विचारायचं असतं.